पंचविसाव्या पदापासून

शिरड शहापूर,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली
१९ फेब्रुवारी २०२६, गुरुवार

चि. मंजुषा,

तुला काका-काकूचे अनेक आशीर्वाद. इकडे नागनाथाच्या कृपेनं सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीत दुखत होता, आता उन्हं चढल्यापासून बरा आहे. हळदीची काढणी चालू आहे आणि बायांच्या पुढं तुझी आई, आमच्या पद्मावहिनीच असतात. बसा म्हटलं की रागावतात. तुझ्या काकूनं तुझ्यासाठी कुरडया वेगळ्या काढून ठेवायचं आत्ताच ठरवलंय, अजून गहू भिजवायचा आहे तरी.

महाशिवरात्रीला औंढ्याला जाऊन आलो. चार तास रांगेत होतो. तुझ्या नावानं बेल वाहिला आणि पोरीच्या प्रबंधाला यश दे असं म्हणालो. म्हणताना जीभ जरा अडखळली. का ते पुढं लिहितो.

तुझा तक्ता मिळाला. मोबाईलवर नीट दिसेना म्हणून झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतला. तुझ्या बाबांच्या एक्याऐंशी पदांच्या पहिल्या ओळी आणि प्रत्येकीपुढं सालाचा रिकामा रकाना. त्याला पंधरा दिवस झाले. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी हळदीचं कारण सांगितलं. काम आहेच, पण तक्त्याला एक दुपार पुरली असती.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू मध्येच "व्हय का काका" म्हणतेस, आणि तसं म्हणालीस की मी तिथंच थांबलो असतो. कागद मध्ये बोलत नाही.

दिवाळीत तू आली होतीस त्या संध्याकाळचा विषय भजनी मंडळात अजून निघतो. तू मारुतीच्या मंदिरात लॅपटॉप घेऊन बसलीस आणि माणसाला नवं कसं सुचतं याचाही शास्त्रानं अभ्यास होतो असं सांगितलंस. म्हातारे तातेराव म्हणाले, "सुचण्याचा अभ्यास? मंग न सुचण्याचा बी असंल की. त्याला आमच्या नातवाला, रुद्रला घेऊन जा. पंचवीस वर्सांत एक गोष्ट सुचली न्हाई त्याला." तूच सगळ्यांत जास्त हसलीस. मग प्रत्येकाला कागद दिलास आणि पाणी पिण्याखेरीज पितळी तांब्याचे सुचतील तेवढे उपयोग लिहायला लावलेस. तातेरावांनी कोरा कागद परत दिला. "तांब्या देवापुढं असतो माय, त्याचा खेळ करू न्हाई." तू म्हणालीस, "आजोबा, तेवढंच लिहा. हेबी उत्तरच हाय."

कुणी किती लिहिलं याच्यापेक्षा इतर कुणाला न सुचलेलं कुणी लिहिलं ते तू मोजणार होतीस. मी चार उपयोग लिहिले. चारही असे, की शेजारच्याच्या कागदावर असणारच. ते मी मुद्दाम केलं.

नंतर तू एकेकाला बाजूला घेऊन बोलणं फोनमध्ये भरून घेतलंस. मला विचारलंस, "काका, तुमी कधी एखादं पद केलंय?"

"न्हाई माय."

"एखादी ओळ तरी?"

"न्हाई."

मंजुषा, ते उत्तर खोटं आहे. तुझ्या फोनमधून ते काढून टाक.

दुसऱ्या दिवशी तू घरी मला तो आलेख दाखवलास. तीन जाणकार माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. त्यांना नावाची शेवटची ओळ झाकून सगळी पदं दिली, प्रत्येकानं आपापले गुण दिले आणि तिघांचे गुण बरेचसे जुळले. मला ही रीत फार आवडली. तू पदांच्या वहीतल्या क्रमानं रेघ काढली होतीस. चोविसाव्या पदापर्यंत ती बांधासारखी सपाट होती आणि पंचविसाव्यापासून वर चढत गेली होती. तू बोट ठेवून म्हणालीस, "बगा काका, बाबा गेले तवा वर चढत होते. शेवटी त्यांना काहीतरी सापडलं होतं. आणखी धा वर्सं मिळाली असती तर..." मी चहा अर्धा ठेवून उठलो. तुला वाटलं मला भरून आलं. आलंच होतं, पण तू समजलीस त्या कारणानं नाही.

त्याच दिवशी तू अठ्ठावन्नावं पद काढलंस.

बॉयलरची शीळ वाजे, वाफ गेली वर
आत काय शिजले देवा, तुलाच खबर

"बाबांनी हळद कढईतच शिजवली. बॉयलर कुठं बघितला त्यांनी?" असं तू विचारलंस. मी म्हणालो, "कुरुंद्याला बघितला असंल." परवा फोनवर तू सांगितलंस की तुझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्या पदापुढं 'काळाच्या पुढचं निरीक्षण' असा शेरा मारलाय. ते ऐकल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

आपल्या शिवारात पहिला बॉयलर आला तो २०१४ ला. तुझे बाबा २०११ च्या पोळ्यानंतर गेले.

आता लिहूनच टाकतो. वहीतली पहिली चोवीस पदं तुझ्या बाबांची, जळबाची आहेत. पंचविसाव्यापासून एक्याऐंशीपर्यंतची मी केलेली आहेत.

अक्षरावरून तुला कळणं शक्य नव्हतं. वही पहिल्यापासून माझ्याच अक्षरात आहे. जळबानं चौथीतून शाळा सोडली, त्याला लिहायचा कंटाळा. तो पाणी देताना, डोक्यावर ओझं असताना, कुठंही पद म्हणायचा आणि मला हाक मारायचा, "सोम्या, लिहून घे, न्हाईतर उडून जाईल." मी लिहून घ्यायचो. चौदा वर्षं मी त्याचा लेखनिक होतो आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

आपल्या मंडळाची रीत तुला माहीत आहे. चक्री भजनात पद एकाकडून दुसऱ्याकडं फिरतं. कुणी गेला तर वर्षभर त्याची जागा रिकामी ठेवायची, आणि पाळी तिथं आली की शेजारच्यानं त्याच्या नावाचं पद म्हणायचं. जळबाच्या शेजारी मी बसायचो. तो काविळीनं तीन आठवड्यांत गेला. मग दर सोमवारी त्याच्या जागेची पाळी मी म्हणायला लागलो. चोवीस पदं. तीच फिरवून फिरवून.

तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. खांबाला टेकून बसायचीस. घरी ताटावरून उठून जायचीस, वहिनी रडकुंडीला यायच्या. दिवाळी झाल्यावर एका सोमवारी भजन संपलं आणि तू मला विचारलंस, "बाबांचं आता नवं काहीच येणार न्हाई ना, काका?"

मी म्हणालो, "न्हाई कसं? वहीत हायेत अजून."

तोंडातून निघून गेलं. पुढचा सोमवार सात दिवसांवर होता आणि वहीत पुढची पानं कोरी. पाच दिवस काही सुचेना. सहाव्या दिवशी हळदीला पाणी देत होतो, पाण्याची दारं मोडत एका सरीतून दुसरीत चाललो होतो, आणि ओळ आली.

टाळ ठेविला खाली, जागा ठेविली रिकामी
ऐकू आले तुझे बोल, बोलत होतो आमी

शेवटी 'जळबा म्हणे' घातलं, कारण जागा त्याची होती. सोमवारी म्हणालो. तू खांब सोडून पुढं सरकून बसलीस. त्याच्या पुढच्या महिन्यात दुसरं केलं. वर्ष संपलं, रीतीप्रमाणं त्याच्या जागेवर नवा माणूस बसला, तरी तू विचारायचीस आणि मी 'वहीतलं' म्हणून एक काढायचो. मंडळातल्या कुणी कधी विचारलं नाही. पद कुणाचं हे आपल्याकडं विचारत नाहीत. तातेराव एकदाच म्हणाले होते, "जळबा मेल्यावर लईच शाणा झाला रे."

आता माझं तुला सांगण्याचं धाडस कसं झालं तेही सांगतो. गेल्या आठवड्यात पडवीत तक्ता घेऊन बसलो होतो. चोवीस सालं लिहून झाली होती आणि पुढं पेन चालेना. तुझी आई शेतातून आली.

"भाऊजी, आठ दिस झाले. त्या कागदाचं लोणचं घालता का?"

"साल आठवंना वहिनी."

"आठवंना, का लिहवंना?"

मी पेनाला टोपण लावलं. त्या पायरीवर टेकल्या, गुडघा चोळला आणि म्हणाल्या, "मला पयल्या सोमवारीच कळलं होतं. ह्यांचं पद देवाला दम दिल्याबिगर कधी संपलं का? ह्यांना एवढं हळू बोलता येत असतं तर मला अजून काय पायजे होतं." आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"मंग बोलल्या काहून न्हाईत?"

"पोरगी सोमवारी जेवत होती."

उठताना म्हणाल्या, "आता ती शिकून राहिली, भाऊजी. खोट्यावर उभं करू नका तिला. तिच्या बापालाबी आवडणार न्हाई." आणि पाणी तापवायला आत गेल्या.

मंजुषा, हे सगळं देवानं सुचवलं, मी निमित्त, असं लिहून मला सुटता आलं असतं. ओळ कुठून येते ते मला आजही कळत नाही आणि पूजेला बसल्यावर मी तिचं श्रेय स्वतःकडं घेत नाही. पण वहीत आहेत असं मी तुला सांगितलं, ते देवानं सांगायला लावलं नव्हतं. ते माझं आहे.

तू दिवाळीत विचारलं होतंस की वयानं माणसाचं सुचणं कमी होतं का. तुमच्या पुस्तकांत चाळिशीच्या आसपासचं काहीतरी आहे म्हणालीस. मला वयाचं सांगता येणार नाही. माझं शेवटचं पद २०१६ च्या जूनमधलं, तू पुण्याला जायला एसटीत बसलीस त्याच्या आधीच्या सोमवारचं. त्यानंतर दहा वर्षांत एकही नाही. मी प्रयत्न केला होता. शेतात तेच पाणी, तीच दारं, मनही रिकामंच. ऐकणारं कुणी पुढं सरकून बसलेलं नव्हतं. तुझ्या अभ्यासात याला काही नाव असेल तर मला कळव.

मार्चअखेर तुला प्रबंध द्यायचा आहे हे ठाऊक आहे. हा कागद आला की तुझा आलेख मोडणार. दिवाळीतच बोललो असतो तर तुझे चार महिने वाचले असते, याचं मला रोज वाईट वाटतं. मॅडमना माझं नाव सांग. त्यांना बोलायचं असेल तर मी पुण्याला येईन आणि जे विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. तुझे प्रश्नही पुन्हा विचार. या खेपेला तांब्याचे चारच उपयोग लिहिणार नाही.

एक मात्र ऐक. त्या सत्तावन्न पदांतली नावाची ओळ बदलू नकोस. ती जळबाच्या जागेवरून म्हटली गेली, तशीच राहू दे. फक्त तुझ्या तक्त्यात खरं असू दे.

आणि माझ्याकडून तुझं एक मोठं नुकसान झालंय, ते प्रबंधाचं नाही. जळबाचं कुठलं पद कुठं बसून झालं, त्या दिवशी काय घडलं होतं, हे मला सगळं पाठ आहे. पण एकाचं साल सांगितलं असतं तर बाकीच्यांचंही सांगावं लागलं असतं, म्हणून पंधरा वर्षं मी तुला काहीच सांगितलं नाही. तुझा खरा बाप मी माझ्या पदांखाली झाकून ठेवला. तुझ्या जाणकारांनी त्याच्या पदांना कमी गुण दिले असतील. देऊ देत. त्यांनी तो उन्हात उभा राहून देवाशी भांडताना पाहिलेला नाही.

नागनाथा, दारी तुझ्या किती उभा राहू
पाय दुखले माझे, आता तूच ये रे, पाहू

हे १९९८ चं आहे. तुझ्या जन्माच्या वेळी वहिनी दवाखान्यात अडल्या होत्या आणि तो बाहेर दोन दिवस बसला नव्हता. तू झालीस असं नर्सनं सांगितलं तेव्हा तो मला म्हणाला, "बग, आला का न्हाई." नववं पद २००० चं, तू पहिल्यांदा 'न्हाई' म्हणायला शिकलीस त्या दिवसाचं. देवा, तुला हो म्हणून म्हणून थकलो, आता घरात न्हाई म्हणणारं लेकरू आलंय, असं ते आहे. तू ते विनोदी पद म्हणून बाजूला काढलंस. ते तुझ्यावर आहे.

तक्ता सोबत आहे. पहिल्या चोविसांची सालं समोर आणि प्रत्येकाची हकिकत मागच्या बाजूला लिहिली आहे. जागा पुरली नाही म्हणून वहीची सहा पानं जोडली. ती सावकाश वाच. एका बैठकीत वाचू नकोस.

रागावलीस तर रागाव. तुझा तो हक्क आहे. दोन सोमवार फोन आला नाही तर मी समजेन. तिसऱ्या सोमवारी मीच करीन, तेव्हा निदान उचल. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझ्या बाबांचा लेखनिक, आणि पंचविसाव्या पदापासून तुझा अपराधी,
काका
सोमेश्वर