निळ्या काठाचं ताट

१४ डिसेंबर, टॅला

"हे ताट कुणाचंच नाही, म्हणून तुझं," सर म्हणाले होते. मी फक्त प्रबंधाचं प्रकरण द्यायला त्यांच्या घरी गेले होते आणि नेमकी नाताळची आदली संध्याकाळ. पोलिश घरात तेव्हा अवचित पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात, हे मला कुठे ठाऊक! पांढरं, निळ्या काठाचं.

आधी मायदेशी क्राकूवला, मग इथे डब्लिनला. सरांनी जन्मभर कायद्याचं तत्त्वज्ञान शिकवलं. प्रश्न एकच: दारातल्या परक्याचं आपण काय देणं लागतो? पुढच्या वर्षीपासून मला माझं वेगळं ताट मिळालं. निळ्या काठाचं पुन्हा रिकामं, कुणाची तरी वाट बघत.

आज म्हणाले, "घर विकलं. जानेवारीत क्राकूवला परत जातोय."

"तिकडे आता कोण आहे, सर?"

"बायको. दफनभूमीत. फार वाट पाहायला लावली तिला." मग हसून, "तुझं काय, तू ग्रँड आहेस."

ग्रँड? इथल्या बोलीत, म्हणजे अगदी मजेत. खिडकीबाहेर धुकं उतरलंय, समोरची घरं तरंगल्यासारखी दिसतायत. सर गेल्यावर या देशात माझं ताट कोण मांडणार?

नाहीच म्हणतील. तरी उद्या विचारणार: सर, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. राहाल?