पोटाला बेतलेली सायकल

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा कमरेत वाकून नमस्कार. (हल्ली मला जेमतेम तेवढंच वाकता येतं. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? मामी फोनवर सांगत होती, की घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही खिडकीशी बसून असता आणि आता माझा कुणाला काय उपयोग, असं दिवसातून दोनदा म्हणता. डॉक्टरांनी पाठ सरळ करायला दिलेला पट्टाही कपाटावर टाकून दिलात म्हणे. मामा, हे बरं नाही. पट्टा रोज लावत जा. तब्येतीपेक्षा मोठं काही नसतं.

आता इकडची हकीकत. धाकट्या बहिणीसाठी मी शर्यतीची सायकल करतोय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ही सायकल रस्त्यावर नाही, तिरक्या भिंतींच्या गोल ट्रॅकवर पळते. हिला ब्रेक नसतात, गिअर नसतात, घंटी नसते, स्टँड नसतो. मग उरलं काय, असं तुम्ही विचाराल. जे उरलं तेवढं करायला मला आठ महिने लागले. सांगाडा कार्बनच्या कापडाचा. साच्यात थरावर थर लावायचे, रेझिन, म्हणजे चिकट राळ, पाजायचं, भट्टीत भाजायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. (शेवटची पायरी कुठल्या पुस्तकात नाही, पण आमचे साचेवाले काका तिच्याशिवाय भट्टीचं दार लावत नाहीत.) नळ्या गोल नसतात, चपट्या असतात, म्हणजे हवा न अडखळता मागे निघून जाते. पुढच्या महिन्यात निवडीची शर्यत आहे. धाकटी आता एकोणतीस वर्षांची आहे. या वेळी संघात आली नाही तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. हवा अडते ती मुख्यतः माणसाला, सायकलीचा वाटा त्यात थोडका. म्हणून सांगाड्याचा आकार ठरवताना विंड टनेलमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या पंख्यासमोर, सायकलीवर माणूस बसवूनच मोजमाप घ्यावं लागतं. धाकटी दूर सरावशिबिरात आणि प्रशिक्षक तिला सोडायला तयार नाहीत. मी म्हटलं, माणूसच हवा ना, मग मी काय दगड आहे? बसलो. चांगला तीन दिवस बसलो, पोट मांड्यांवर टेकवून. मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्या जरा रुंद केल्या, तर हवेचा अडथळा कमी झाला. आणखी रुंद केल्या, आणखी कमी झाला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की त्या आनंदात रोजचं जेवण जरा जास्तच होत गेलं. (त्यामुळे दुसऱ्या दिवशी दांड्या आणखी रुंद कराव्या लागल्या, हे आता कळतंय.) तिसऱ्या दिवशी साचेवाले काका हळूच म्हणाले, "साहेब, वारा तुमच्या पोटाला वळसा घालून मागे येतोय." मी हसण्यावारी नेलं. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

सायकल झाली. काळीभोर, गुळगुळीत, बघत राहावी अशी. धाकटी दोन दिवसांची सुट्टी काढून आली, ट्रॅकवर चार किलोमीटर जीव तोडून मारले आणि तिच्या जुन्या सायकलीपेक्षा दोन सेकंद उशिरा पोचली. प्रशिक्षकांनी हातातलं घड्याळ शर्टाला पुसून पुन्हा पाहिलं. (मला तुमची आठवण झाली. घड्याळच बिघडलं असेल तर मामा दुरुस्त करतील, असं वेड्यासारखं वाटून गेलं. पण घड्याळ ठणठणीत होतं.) धाकटी खाली उतरली, सायकल भिंतीला टेकवली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं आणि बाकावर जाऊन बूट सोडत बसली. मामा, मला फार वाईट वाटलं. आठ महिने खपून मी एक अत्यंत वेगवान सायकल घडवली होती, फक्त ती माझ्यासाठी होती.

तरी उमेद सोडलेली नाही. काकांनी मागच्या दांड्यांचे दोन नवे साचे केलेत, एक अरुंद आणि एक त्याहून अरुंद. (मी तेव्हाच सांगत होतो, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्याने जास्त लागतं.) विंड टनेल येत्या गुरुवारी सकाळी तीन तास मिळालाय. कोणता साचा घ्यायचा ते तिथे ठरलं, की शर्यतीआधी सांगाडा तयार होतो. मधल्या वेळात मी जिने चढतोय. बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार सांगा. पत्राचं उत्तर सवडीने दिलंत तरी चालेल.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावर दम खात बसलेला,
भाचा

ता. क. सवडीने नको. बुधवारी संध्याकाळपर्यंत तुम्हीच या. धाकटीला शिबिरातून गुरुवारी येता येत नाही. मी तिला फोनवर विचारलं, तुझ्या बांध्याचं माणूस मी आणू कुठून? ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "मामाला बसव ना." तुम्हाला आठवत असेल, ती अभ्यासाला बसली की आई पाठीत धपाटा घालायची, सरळ बस, मामासारखं पोक काढू नकोस. धपाटे संपले, पोक राहिलं. आता तिचे प्रशिक्षक म्हणतात, की अशी पाठ शिकवून येत नाही, वारा तिच्यावरून अलगद निघून जातो. मामा, तुमची उंची तीच, खांदे तेच आणि पाठ तर मूळ प्रत. शिवाय तिथे तीन तास जराही हलायचं नसतं, आणि तुम्ही चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून श्वास रोखून बसलात. तुमचा कुणाला काय उपयोग, ते आम्हा दोघांना विचारा.

ता. क. २. अंगाला घट्ट बसणारा शर्यतीचा सूट तुमच्या मापाने शिवून तयार आहे. परवा दुपारी झोपेत पाठीवरून मांजर गेलं, अशी तक्रार तुम्ही मामीकडे केलीत. ते मांजर नव्हतं, मामीच्या हातातली टेप होती.

ता. क. ३. पट्ट्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडून टाका. तो कपाटावरच राहू द्या. गुरुवारी संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने तुम्हाला बांधून देईन. तोवर मामा, हात जोडून सांगतो, सरळ बसू नका.