दाखवायच्या खोलीतली झोप

प्रिय ताई,

तुला आणि आप्पांना नमस्कार. मी सुखरूप आहे, जेवण वेळेवर मिळतं. भाऊजी फुकटची सहल म्हणाले खरे, पण आम्हा ट्रॅव्हल एजंटांना इथे दिवसभर हॉटेलंच दाखवतात. खोली बघा, बाथरूम बघा, वा म्हणा, चला पुढच्या हॉटेलात. पायांचे तुकडे पडलेत.

आज गादी कशी आहे बघावी म्हणून एका पलंगावर टेकले आणि चक्क झोपले! बाकीचे पुढे निघून गेले. लिफ्टची घंटी वाजली, मला वाटलं आप्पांनीच उशाजवळची घंटी वाजवली. "आले आप्पा, आले," म्हणत धडपडत उठले, तर दारात हॉटेलच्या मॅनेजरबाई. मी शरमेनं अर्धमेली. त्या म्हणाल्या, "झोपा हो. आमच्या गादीची याहून चांगली जाहिरात कुठली?" मी हसले आणि हसता हसता रडूच आलं.

आप्पा अजून रात्रभर उठवतात का गं? फोनवर तू 'सगळं ठीक' म्हणतेस, पण आवाज पार बसलाय तुझा. मी आले की आप्पांच्या खोलीत मी झोपणार. तू तुझ्या खोलीचं दार लाव आणि उन्हं वर येईपर्यंत खुशाल झोप. कुणीही हाक मारली तरी उठू नकोस.

तुझी,
धाकटी