कोरड्या काटक्या

१४ ऑक्टोबर, सोमवार

आले बाई एकदाची! बोरगावातून निपाणी, निपाणीतून बेळगाव, तिथनं बेळगुंदी आणि पुढं शिबिरातल्या भरमूअण्णांच्या मोटारसायकलवर मागं बसून डोंगरात. कंबर मोडली, पण तोंडावरचं हसू काही जाईना. दोन वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात हजेरीची रजिस्टरं भरली, लोखंडाची धूळ खाल्ली. आता मी शिबिराची सहायक! संकट आलं तर रानात जीव कसा वाचवायचा, ते इथं शिकवतात. आधी मी शिकायचं. पंधरा दिवसांनी परीक्षा. पास झाले तर दिवाळीनंतर शाळेची पोरं माझ्या हवाली. आई म्हणाली, माणसं रानातनं गावात आली आणि आमची निशा उलटी निघाली. आप्पा निपाणीच्या स्टँडपर्यंत सोडायला आले.

शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडम बेळगावच्या. बोलणं एक घाव दोन तुकडे. पहिला हुकूम, रोजनिशी लिहा आणि पेन्सिलीनं लिहा, ओल्यात पेन रुसतं. स्वयंपाकाला भरमूअण्णा, जवळच्याच वाडीतले. मी जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे सांगायला जरा लाजतच होते. अण्णा म्हणाले, त्यात काय गं, रानातली पाखरं तरी कुठं रात्री जेवत्यात? माणूस आवडला आपल्याला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज डोकं भरून वाहिलं. पाणी गाळायचं, उकळायचं. वाट चुकली तर शिट्टी तीनदा. वाटेवर खूण म्हणजे तीन काटक्यांचा बाण, टोक जायच्या दिशेला. आणि परत येताना प्रत्येक खूण मोडायचीच, नाहीतर भलतंच कुणी त्या खुणेनं चालत येतं.

दुपारी थंडीचा धडा. मॅडमनी चारदा म्हणून घेतला, म्हणून इथं लिहून ठेवते. गारठ्यानं माणूस मरतो तो पायरीपायरीनं. आधी कुडकुडतो. मग बोटं ऐकत नाहीत, जीभ जड होते. मग कुडकुडणं थांबतं, आणि बघणाऱ्याला वाटतं बरं वाटलं. खरं तर तिथनंच घात. मग त्याला एकदम गरम वाटतं, अंगावरचे कपडे काढून टाकतो आणि शेवटी जनावरासारखा एखाद्या अडचणीच्या जागेत शिरतो. तिथंच सापडतो. मी म्हटलं, मॅडम, आमच्या बोरगावात ऑक्टोबरमध्ये हे ऐकलं तर लोक हसतील. त्या हसल्या नाहीत.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पास! पहिल्याच काडीला जाळ!

काल रात्रभर परतीचा पाऊस धो धो कोसळला आणि मॅडमनी आजच जाळाची चाचणी लावली. काडेपेटीत तीनच काड्या, सगळं रान ओलं, वेळ एक तास. मुद्दामच, दुसरं काय! हिंडत हिंडत जुन्या पायवाटेला लागले. तिथं खडकाच्या कपारीत काटक्यांचा ढीग, कमरेएवढा, कोरडा ठणठणीत. कुणी जळणासाठी साठवला असेल म्हटलं. आमच्या घरची रीत अशी की जळण चुलीत घालायच्या आधी झाडून घ्यायचं, आत जीव नको. म्हणून एकेक काटकी दगडावर आपटली, फुंकली, मुंगी बघितली, वाळवी बघितली. एकही जीव निघाला नाही. ढिगातून गार झुळूक तेवढी आली. कवळाभर उचलल्या आणि वाट सापडावी म्हणून बाण टाकत शिबिरावर आले.

मॅडम चक्क हसल्या. खुणा मोडायला परत जायला हवं होतं, पण पुन्हा पाऊस आला आणि मला आळस.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून थंडी वाजतेय. ऊन पडलंय, तरी.

चहा घेताना अण्णांनी सहज विचारलं, काल एवढं कोरडं जळण कुठनं मिळालं. मी सांगितलं. त्यांच्या हातातला डाव खाली पडला. म्हणाले, लई वंगाळ केलंस गं बाय.

त्या कपारीत म्हणे फार पूर्वी एक बाई मेली. बाजाराला निघालेली, पावसात वाट चुकली. ओल्या लाकडाला जाळ लागेना, रात्रीत गारठून गेली. तेव्हापासून त्या वाटेनं जाणारा प्रत्येक जण तिथं एक काटकी टाकायचा. तिला ऊब मिळावी म्हणून. एका माणसानं आयुष्यात एकदाच टाकायची, दुसऱ्यांदा टाकलेली चालत नाही. पलीकडनं डांबरी रस्ता झाला आणि ती वाट बंद पडली, तसं टाकणारंही कुणी उरलं नाही. होतं तेवढ्यावर ती बिचारी निजून होती.

आणि मी त्यात मुंग्या बघत बसले.

अण्णा म्हणाले, जळालेलं परत यायचं न्हाय. माणसं नेऊन नव्यानं टाकायला पायजेत, न्हायतर ती तुला सोडायची न्हाय. मी हसून दाखवलं. हसताना दात वाजत होते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

काल जाऊन माझी एक काटकी टाकून आले. हात जोडले, चुकले म्हणाले. थंडी हटली नाही.

शेवटचा बाण मी स्वयंपाकाच्या शेडपाशी टाकला होता. आज एक बाण माझ्या तंबूच्या दारात होता. टोक आत.

मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाल्या. घाबरलीस, चार दिवस घरी जा. अण्णांनी कानात सांगितलं, वाडीत भाताची सुगी चाललीय, रविवारशिवाय माणूस मोकळा न्हाय. रविवारी बारा जण नेतो, तंवर दम काढ.

रविवार. सहा दिवस.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बोरगाव. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी आईनं विणलेला जाड स्वेटर घालून चुलीला चिकटून बसलेय. आई दिवाळीच्या चकल्या तळतेय. कढईच्या वाफेवर हात धरले. काही नाही. जाळाला रंग आहे, ऊब नाही. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. आप्पा म्हणतात, ती नोकरी सोड.

सकाळी आईनं दारात रांगोळी काढली. मी बघायला गेले. रांगोळीवर तीन काटक्या. टोक घरात.

मी ओरडले. आई म्हणाली, अगं, चिमणीनं टाकल्या असतील.

मला लई भीती वाटतेय.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

बोटं ऐकत नाहीत. पेन्सिल मुठीत धरून लिहितेय. आईला हाक मारली ती तिला कळलीच नाही, जीभ अशी जड.

आज बाण सोप्यात. दुपारी माजघरात. मोडला. मोडला की पुढचा—

ओल्या लुगड्याचा वास येतोय. आई म्हणते, कुठाय?

२६ ऑक्टोबर, शनिवार

कुडकुडणं थांबलं.

आईनं देवापुढं दिवा लावला. बरं वाटलं पोरीला म्हणून. मला माहीत आहे ही कितवी पायरी. मरायचं नाही मला. पोरांना शिकवायचंय—

उद्या सकाळपर्यंत. फक्त तेवढं. आईला शपथ घातली, मी कितीही गरम होतंय म्हटलं, रडले, पाया पडले, तरी स्वेटर काढू देऊ नकोस. हो म्हणाली.

बाण खाटेखाली.

२७ ऑक्टोबर, रविवार

अण्णांचा फोन. पोचले. बारा माणसं, हातात एकेक काटकी. आता टाकतो म्हणाले.

आणि ऊब आली! खरंच आली! पायाच्या बोटांपासून वर— मी रडले, आई रडली.

गरम होतंय. लई गरम. आईनं स्वेटरला हात घातला. शपथ आहे म्हटलं. ती म्हणाली, वेडाबाई, त्यांनी टाकल्या की काटक्या, आता कसली शपथ? खरंय की. काढला.

गरम वाटलं की— मॅडमनी काय सांगितलं होतं— चारदा म्हणून घेतलं होतं— याच वहीत आहे, मागं. पान उलटत नाही. बोटं—

मागल्या दारी जळणाचा ढीग. आत जागा आहे. बरोब्बर माझ्याएवढी. शिरले. बरं वाटतंय

पाठीवर काहीतरी पडलं. काटकी.

अजून एक. वर तर कुणी नाही— बारा म्हणाले होते—

फटीतून चूल दिसते. माझा स्वेटर घालून कुणीतरी बसलंय. हात शेकतेय. बाहीतून पाणी ठिबकतंय. आई तिला निशा म्हणते. चकली देते

आई मी इथं— आई ढिगाखा