खाडीच्या फोटोंचा कॅटलॉग आणि माझे जावई सहदेव यांच्याविषयी

मी, त्र्यंबक सीताराम खातू, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो टाचणीसकट नाहीसा झालेला आढळल्यास त्यात कोणाचा फायदा आहे ते आधी पाहावे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. वकिलाकडून लिहून घेतले नाही, कारण वकिलाचा कारकून कोणाचा मेहुणा निघेल याचा भरवसा नसतो. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, आणि जागा कोरी उरली तिथे तिरपी रेघ मारली आहे, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसवणार नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

कलम १. डोंबिवलीचे दोन खोल्यांचे घर, त्यातील सर्व सामान, बँकेतल्या आणि पोस्टातल्या ठेवी हे सारे माझी पत्नी सरस्वती हिचे. तिच्या पश्चात आमची एकुलती एक मुलगी रतन हिचे. सोसायटीच्या सेक्रेटरीने आमच्याकडची गच्चीची किल्ली मागितल्यास देऊ नये. त्याच्याकडे एक आहेच, असा माझा संशय आहे.

कलम २. माझा धाकटा भाऊ गोविंदा याला लाकडी ट्रायपॉड द्यावा. १९७४ साली कल्याणच्या एका लग्नासाठी त्याने तो नेला आणि परत केला तेव्हा त्याचा एक पाय माझा नव्हता. गोविंदा म्हणतो, पाय तोच आहे. त्या ट्रायपॉडवर कॅमेरा गेली पंचवीस वर्षे डावीकडे कलतो. आता त्याने स्वतःच त्यावर कॅमेरा लावून पाहावा. माझे दुसरे काही म्हणणे नाही.

कलम ३. डार्करूममधील फोटो मोठे करण्याचे यंत्र, एन्लार्जर, दामाजी नाथा कोळी यांस मी हयातीतच देऊन टाकला आहे, म्हणून तो या पत्रात येत नाही, आणि म्हणूनच दामाजीला साक्षीदार राहण्यास अडचण नाही. दामाजी माझ्याकडे तीस वर्षे प्रिंट काढीत होता. रसायनांच्या बाटल्या मी घरी निघताना पेन्सिलीने रेघ मारून ठेवीत असे. तीस वर्षांत रेघेखाली पातळी कधी गेली नाही. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही. रेघा त्याला दिसत होत्या की काय, ठाऊक नाही.

कलम ४. ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर असलेला माझा स्टुडिओ, त्यातील कॉम्प्युटर, स्कॅनर, दोन्ही हार्ड डिस्क आणि त्यांतील दोन हजार एकशे चाळीस फोटो. हे कलम लांबणार आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

१९८२ ते १९८६ या चार वर्षांत मी सवड मिळेल तेव्हा खाडीवर जाऊन कोळीवाड्याचे फोटो काढले. कोणी सांगितले नव्हते. होड्या, जाळी विणणारी माणसे, मासळी वाळवायचे मैदान, पलीकडची मिठागरे. पुढे त्या निगेटिव्हना बुरशी लागली. १९९७ साली रतनच्या आग्रहावरून कॉम्प्युटर घेतला. ती डीटीपीचे काम करते, तिनेच मला शिकवले. वर्षभर बसून मी एकेक निगेटिव्ह स्कॅन केली, पडद्यावर डाग पुसले, आणि सगळ्यांचा एक कॅटलॉग तयार केला. दामाजी शेजारी स्टुलावर बसून माणसे ओळखी. "हा गोमाजी, हा त्याचा चुलता, ही पोर दिवा गावाला दिली," असे तो सांगे आणि मी प्रत्येक फोटोखाली ते टाइप करीत असे. त्यांतली निम्मी माणसे आज हयात नाहीत. निगेटिव्हचे हातात तुकडे पडू लागले तेव्हा मी त्या टाकून दिल्या. म्हणजे कॉम्प्युटरात आहे तेच आता मूळ.

४ जानेवारी १९९९, सोमवारी, कोळीवाड्यातली मनुबाई स्टुडिओत आली. एका बिल्डरने त्यांच्या मैदानाला कुंपण घालायला घेतले होते, आणि इथे मासळी कधी वाळवलीच जात नव्हती असे कोर्टात लिहून दिले होते. शुक्रवारी तारीख होती.

"वकील बोलतो, पुरावा आन," ती म्हणाली. "खातूशेट, माज्या सासूचा फोटू तुमी काडलेला ना, बांबूखाली बसलेली? तिच्या मागं आक्खं मैदान हाय."

मला तो फोटो आठवत होता. कॅटलॉग उघडला. पोस्टाच्या तिकिटाएवढे चित्र समोर आले: म्हातारी, बांबू, मागे मासळीने भरलेले मैदान. मोठे करायला गेलो तर पडद्यावर पाटी आली की फाइल सापडत नाही. पुढच्या फोटोलाही तेच. १९८३ सालच्या प्रत्येक फोटोवर प्रश्नचिन्ह.

"गेले कुटं?" दामाजीने विचारले.

"गेले नाहीत," मी म्हणालो. "नेले."

कोणी नेले, हे माझ्या मनाने त्याच क्षणी ठरवले. माझा जावई सहदेव त्याच बिल्डरकडे सुपरवायझर होता. रतनबरोबर दर शनिवारी स्टुडिओत येई आणि कॉम्प्युटरपाशी बसे. लग्न झाल्यापासून मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. जो माणूस सासऱ्याच्या घरी कधी काही मागत नाही, जेवताना दुसऱ्यांदा भात घेत नाही, आवाज चढवत नाही, तो काहीतरी लपवीत असला पाहिजे, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांना बोलावून घेतले. मनुबाई आणि दामाजी तिथेच होते. मुद्दाम त्यांच्यासमोर विचारले.

"सहदेवराव, मालकांनी काय कबूल केलंय तुम्हांला?"

"कशाबद्दल, अण्णा?"

"खाडीचे फोटो पुसून टाकण्याबद्दल."

"अण्णा, काय बोलताय तुम्ही!" रतन ओरडली. "ह्याने कधी माउसला हात तरी लावलाय का तुम्हांला विचारल्याशिवाय?"

सहदेव काही बोलला नाही. ते न बोलणे मी कबुली धरली. मनुबाईने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि ती बाहेर निघून गेली. रतन म्हणाली, "मी आता इथे यायची नाही," आणि त्याचा हात धरून तीही गेली.

गुरुवारी दुपारी सहदेव एकटाच आला. कामावरून तसाच आला होता, बुटांना सिमेंट होते. मी दार उघडेच ठेवले, वेळ पडली तर हाक मारता यावी म्हणून. त्या वेळी मी कॅटलॉगमधली प्रश्नचिन्हाची सगळी चित्रे निवडून काढून टाकायच्या बेतात होतो. मढी घरात कशाला ठेवायची?

त्याने माझा हात धरला. "अण्णा, थांबा. ही काढलीत तर दामाजीमामांनी सांगितलेली नावंसुद्धा जातील."

"फोटोच नाहीत, तर नावं घेऊन काय करू?"

"फोटो ह्या कॅटलॉगमध्ये नव्हतेच कधी. ह्यात फक्त छोटी नक्कल असते आणि मोठा फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता. फोटोने घर बदललं असेल आणि ह्याला कोणी कळवलं नसेल."

त्याने दुसऱ्या हार्ड डिस्कवर शोध लावला. दोन मिनिटांत एक फोल्डर सापडला. त्यात १९८३ साल पूर्ण होते. मग त्याने कॅटलॉगला एका फोटोची नवी जागा दाखवली, आणि मागोमाग बाकीची प्रश्नचिन्हे एकेक करून विझली. म्हातारी पडदाभर झाली. तिच्या मागे मैदान होते, आणि मैदानाच्या टोकाला पिंपळ, जो आजही तिथे आहे.

या क्षणी एखाद्या बऱ्या माणसाने काय म्हटले असते ते मला कळते. मी म्हणालो, "घाबरून परत आणून ठेवलेस ना?"

त्याने एक कळ दाबून फोल्डर केल्याची तारीख दाखवली. ११ ऑक्टोबर १९९८, सकाळी अकरा चाळीस. फोल्डरला नाव होते 'खाडी जुने टीएसके'. टीएसके ही माझी आद्याक्षरे. निगेटिव्हच्या पाकिटांवरही मी तीच घालीत असे.

"त्या रविवारी आम्ही सगळे खडवलीला होतो, अण्णा," तो हळूच म्हणाला. "माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. रतनच्या आईसुद्धा होत्या."

मला सगळे आठवले. त्यांच्याकडच्या साखरपुड्याला जायचे नव्हते, म्हणून मी डोके दुखते असे सांगितले, आणि ते सगळे गेल्यावर स्टुडिओ उघडून बसलो. पहिली डिस्क भरली होती. पाकिटे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवावीत तसे ते फोटो मी नव्या डिस्कवर हलवले, कॅटलॉग बंद ठेवून. पुढे तीन महिने कॅटलॉगमध्ये छोटी चित्रे दिसतच राहिली, म्हणून काही बिघडले आहे अशी शंकासुद्धा मला आली नाही. जन्मभर ज्याला त्याला संशयाने पाहिले. स्वतःचा संशय घ्यायचे तेवढे राहिले.

सहदेव उठला. "दामाजीमामांना सांगतो, मशीनची चूक होती," तो म्हणाला.

मी म्हणालो, "हं."

एवढेच म्हणालो, याची नोंद असावी.

शुक्रवारी प्रिंट कोर्टात गेले, सोबत माझे १९८३ चे कामाचे रजिस्टर, त्यात त्या दिवशीची शाईतली नोंद. निकाल लागेपर्यंत मैदान आहे तसे ठेवावे असा हुकूम झाला. मासळी अजून तिथे वाळते. पण फोटो कोणाच्या सासऱ्याच्या स्टुडिओतून आले ते बिल्डरला कळले, आणि फेब्रुवारीपासून सहदेवला कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आले. आता तो आंबिवलीला लाद्यांच्या दुकानात मोजणीचे काम करतो. कोळीवाड्यात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. मासळी घेताना मी स्वतःच्या कानांनी ऐकली. "जावयानंच नेलेले फोटू. भ्याला नि परत ठेवले." मी ऐकले, बोंबील घेतले आणि घरी आलो.

कलम ५. म्हणून मी शुद्धीत जाहीर करतो की खाडीचे फोटो मी, त्र्यंबक सीताराम खातू, याने हलवले, मीच विसरलो, आणि आळ सहदेववर घेतला. खरे कळल्यावरही मी गप्प राहिलो. हे कलम माझ्या मृत्यूनंतर स्टुडिओत, रतन, दामाजी आणि मनुबाई यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. स्टुडिओ आणि कलम ४ मधील सर्व वस्तू सहदेवला द्याव्यात. फोटो हलवायचे झाल्यास कॅटलॉगच्या आतूनच हलवावेत. बाहेरून हलवले गेलेच, तर कॅटलॉगला नवी जागा दाखवावी, आणि प्रश्नचिन्ह दिसले म्हणून कोणतेही चित्र काढून टाकू नये. हे सहदेवला सांगण्याची गरज नाही. त्याच्यानंतर जो बसेल त्याच्यासाठी लिहिले.

पुरवणी. वरील मजकूर मी १४ ऑगस्ट रोजी पुरा करून दामाजीला सहीसाठी घरी बोलावले. काय लिहिले आहे ते ऐकल्याशिवाय त्याने सही करू नये म्हणून सगळे वाचून दाखवले. कलम ५ संपल्यावर त्याने पेन खाली ठेवले.

"मी नाय सही करनार."

"का?"

"मेल्यावर माफी मागताव? तवा त्या पोराला काय फायदा? तुमी सुटलाव, तो रायला तसाच. आदी आंबिवलीला जा."

सरस्वती आतून म्हणाली, "बरोबर बोलतायत भावोजी." तिने दाराआडून सगळे ऐकले होते. तिचे डोळे पुसून झाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आंबिवलीला गेलो. सहदेव घराच्या दारात बसून सायकलची चेन साफ करीत होता. रतनने मला पाहिले आणि ती आत जाऊ लागली. मी म्हणालो, "थांब. तुलाही ऐकायचं आहे," आणि उभ्यानेच कलम ४ आणि ५ वाचले. रतन सहदेवकडे वळून म्हणाली, "तुला माहीत होतं? आणि मलासुद्धा बोलला नाहीस?"

"तुझे वडील आहेत ते," सहदेव म्हणाला. मग हातातले फडके सायकलवर टाकून तो माझ्याकडे वळला. "मला राग आलेला, अण्णा. अजून आहे. जाईल, पण लगेच नाही जायचा."

"राहू दे," मी म्हणालो. "तो तुझा हक्काचा आहे."

आज सकाळी आम्ही चौघे, म्हणजे मी, सहदेव, रतन आणि दामाजी, कोळीवाड्यात गेलो. चारचौघांत मी सांगितले. मनुबाईने टोपली खाली ठेवली.

"मी या पोराला सात म्हैने मासळी इकली नाय," ती म्हणाली. "वरून शिव्या घातल्या. तुमी ऐकत व्हताव, नि गप रायलाव?"

"हो," मी म्हणालो.

सहदेवसमोर जाऊन तिने हात जोडले. त्याने ते हात धरून खाली केले.

घरी आल्यावर दामाजीने न सांगता पेन उचलले, सावकाश पूर्ण नाव लिहिले, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता कवा पन मरा, खातूशेट," तो म्हणाला.

हे मृत्युपत्र पुरवणीसह मी वाचले, ते माझ्या मनासारखे उतरले आहे, आणि खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

(सही) त्र्यंबक सीताराम खातू

साक्षीदार:
१. दामाजी नाथा कोळी, राहणार कोळीवाडा, ठाणे
२. पोपट शंकर गांगुर्डे, शेजारी, राहणार डोंबिवली पूर्व

स्थळ: डोंबिवली
दिनांक: २२ ऑगस्ट १९९९