एकटे नऊ

९ नोव्हेंबर, रविवार
जिल्ह्याच्या रोलर स्केटिंग निवडीला परीक्षक. आम्ही पाच जण. निवृत्त संगीतशिक्षिका म्हणून मलाही बोलावलेले. आज पहिली फेरी, पुढच्या रविवारी दुसरी. एकच मुलगी अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाणार.
बाकी सगळ्या मुली सिनेगीतांवर. सना, जब्बारभाई पिंजाऱ्यांची, वडिलांच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज रेकॉर्ड करून आली. ढ्यांव... ढ्यांव... शेवटी कापूस उडावा तशी गिरकी. लहानपणीचे अंगण, उसवलेली गादी, माझ्या केसांत कापूस, आईची ओरड.
क्रीडाशिक्षक काळे सर : "मॅडम, यात म्युझिक कुठी हाय? हे तं गादी भरनं हाय!" सगळे हसले. मीही, थोडी.
नऊ दिले.

१० नोव्हेंबर, सोमवार
सना दुसरी. रिसोडची मुलगी पहिली. उड्या स्वच्छ, चूक नाही.
पाचांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळतात. इतरांचे सहा-सात, त्यामुळे माझे नऊ गेले. नियम वाईट नाही. कोणी भाचीला दहा देऊ नयेत म्हणूनच तो. पण एकटे नऊ टिकत नाहीत, जोडीला दुसरे लागतात.
कॉन्व्हेंटमधल्या पियानोच्या सिस्टर आठवल्या. "सुंदर वाजवलंस, पण कागदावर असं नाही." गुण कापायच्या, मग खिशातून पेपरमिंट.

१३, गुरुवार
काळे सरांना फोन करावासा वाटला. हातात घेतला, ठेवला. परीक्षकांनी आपसात ठरवायचे नाही. रिसोडच्या मुलीलाही घरी वाट पाहणारी आई असेलच.
संध्याकाळी बाजारात सना भेटली.
"मॅडम, गानं बदलू का? अब्बा म्हनते, पिक्चरचं घे."
"मला सांगता येत नाही गं. मी परीक्षक."
"मंग कोनाले विचारू?"
मी पिशवीत हात घातला. पेपरमिंटही नव्हते.

१६, रविवार
रिसोडची मुलगी आजही नेटकी. तिला आठ. खरेच आठाची होती.
मग सना. स्पीकर खरखरला. वाटले, आता सिनेमाचे गाणे.
ढ्यांव.
एकदा तोल गेला, सावरली. गिरकी मागच्यापेक्षा लांब. उड्या कमीच. तरी नऊ लिहिले. खोडले नाहीत.
शेजारी काळे सर तोंड पाडून, कागदावर हात आडवा. त्यांनी काय लिहिले, दिसले नाही. टेबलाखाली मात्र सनाची फेरी चालू असताना त्यांचा बूट धनुकलीच्या ठेक्यावर वाजत होता.
निकाल उद्या.