कोऱ्या लोखंडाला लागलेला हात

तारीख १४, रविवार, दुपार

चि. ठमी हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी ऐकत नाही. शेजारणीची मांजर आपल्या मोटारीच्या मागच्या सीटवर व्याली, चार पिल्लं. चौथीत शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

मोठी बातमी म्हणजे मी रंगारी झाले. यांचे हात आता थरथरतात, म्हणून त्या जुन्या मोटारीचं इंजिन यंदा मी रंगवतेय. तुझे आजोबा स्टुलावर बसून हुकूम सोडतात. "अजून घास. भांडी घासताना कुठून येतो जोर?" मी म्हटलं, "भांडी उलट बोलत नाहीत." पंख्याची पाती झाली, हवेच्या फिल्टरचा डबा झाला. डबा असा चकाकतो की त्यात बघून मी भांग सरळ केला. या वयात नवं काही जमलं की झोपसुद्धा छान लागते गं.

तर परवा एक नळी घासून पांढरी केली आणि कौतुकाने तिच्यावरून हात फिरवला. हे खेकसले, "हात नको लावूस. बोटाचं तेल लागलं तरी रंग धरत नाही."

मी हात झटकन मागे घेतला.

ठमे, दोन वर्षांपूर्वी तू इंजिनाचं वरचं झाकण तीन दिवस घासलंस, धुतलंस, वाळवलंस आणि जेवायला गेलीस. मी पाहिलं, उघडं लोखंड, गंजेल बाई. आपल्या कढईला लावते तसा तेलाचा बोळा फिरवला आणि दिसू नये इतकं पुसून घेतलं. त्यावर तू रंग दिलास. आठ दिवसांत उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा तो सुटला.

यांनी तुला आळशी म्हटलं, माझ्या मोटारीला पुन्हा हात लावू नकोस म्हटलं. "धुतलं होतं मी," असं तू तीनदा सांगितलंस. आणि मी दारात उभी राहून काय म्हणाले, ते तुला पाठ असेल. "पोरीनं घाई केली असेल." तू पिशवी उचलून गेलीस, ती अजून आली नाहीस. तेलाचं तेव्हा खरंच कळलं नाही मला. पण तुझ्या बाजूने बोलायला काय तेल कळावं लागत होतं?

मी यांना सगळं सांगितलं. यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "तिनं तीनदा सांगितलं होतं."

काल ते झाकण यांनी फळीवरून काढलं. मी म्हटलं, आणा, घासते. तर म्हणाले, "नको. तिचं आहे ते." पत्र काही ते लिहायचे नाहीत, नाक तुला ठाऊक आहे. पण स्वच्छ कापडात गुंडाळून परत फळीवर ठेवलंय. बाकी सगळं इंजिन रंगून तयार आहे, वरून तेवढं उघडं. त्या झाकणाशिवाय मोटार सुरू करायची नाही म्हणतात, आणि दुसरं आणू देत नाहीत.

मी त्या फळीच्या जवळही जात नाही.

हात पाठीमागे बांधून वाट बघणारी,
तुझी चुकलेली आजी